यूहा खणातच राहिला: आरे मेरिकान्तो यांचं प्रकरण

१९२२ साली हेलसिंकीत तिशीला टेकलेल्या एका संगीतकाराने 'यूहा' हा तीन अंकी ऑपेरा लिहून हातावेगळा केला. तो रंगमंचावर आला १९६३ साली, लाहती या गावात. संगीतकाराला जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. मधल्या एकेचाळीस वर्षांत त्या बाडावर कुणी बंदी घातली नव्हती, ते कुठल्या आगीत सापडलं नव्हतं, रशियाशी दोन युद्धं झाली त्यांतही गहाळ झालं नव्हतं. नुसतं पडून होतं. आज फिनिश ऑपेरांची नावं घ्यायला बसलं की पहिल्या दोन-तीनांत हे नाव येतं.

संगीतकाराचं नाव आरे मेरिकान्तो. मुंबईकराला 'आरे' म्हटलं की दुधाची बाटली आठवते, त्याला इलाज नाही. उच्चार खरं तर 'आर्रे', र वर चांगला जोर देऊन.

या प्रकरणाची गोष्ट सांगताना 'अडाणी नाट्यगृहाने थोर कलाकृती नाकारली' असा सूर लावायचा मोह होतो. मलाही आधी तसंच वाटत होतं. पण कागद नीट लावून पाहिले तर यात खलनायक सापडत नाही. सापडते ती चालढकल, आणि एकच दार असलेलं घर.

आरे जन्मले १८९३ मध्ये, हेलसिंकीतच. वडील ओस्कार मेरिकान्तो हे सेंट जॉन चर्चचे ऑर्गनवादक आणि घरोघरी गायल्या जाणाऱ्या गीतांचे कर्ते. सोपी, गुणगुणता येणारी चाल हा त्यांचा हातखंडा. फिनिश भाषेतला पहिला ऑपेरा 'पोह्यान नेइती' हाही त्यांचाच. १९११ मध्ये हेलसिंकीत ऑपेरा कंपनी उभी राहिली तेव्हापासून १९२२ पर्यंत ते तिथे कंडक्टर होते. म्हणजे मुलाने ज्या दारावर थाप मारली ते घरचंच दार. बापाची ओळख अशा वेळी कामाला येते की आड येते, हे सांगणं अवघड आहे. लोकांच्या कानात मेरिकान्तो या आडनावाची एक चाल आधीच बसलेली होती आणि मुलाचं संगीत त्या चालीत बसणारं नव्हतं, एवढं मात्र खरं.

मुलाचं शिक्षण तीन ठिकाणी झालं. हेलसिंकीत एर्क्की मेलार्तिन यांच्याकडे. मग १९१२ ते १४ लाइपझिगला माक्स रेगर यांच्याकडे, जिथे स्वरांची वीण घट्ट कशी करायची ते शिकवलं जाई. आणि महायुद्धाने जर्मनी बंद झाल्यावर १९१५-१६ मध्ये मॉस्कोला सेर्गेई वासिलेन्को यांच्याकडे. मॉस्कोत तेव्हा रशियन संगीतकार स्क्रियाबिन नुकतेच वारले होते आणि त्यांच्या धगधगत्या, कुठेही न टेकणाऱ्या स्वरसंगतींनी तरुण पोरं झपाटलेली होती. आरे घरी आले ते कानात हे घेऊन. त्याआधी एकोणिसाव्या वर्षी त्यांचा 'हेलेना' नावाचा छोटा ऑपेरा हेलसिंकीत झालाही होता. तो त्यांनी पुढे स्वतःच नष्ट केला. ही गोष्ट लक्षात ठेवायची, तिचं काम पुढे आहे.

'यूहा'ची संहिता लिहिली आयनो आक्ते यांनी. या बाई साध्या नव्हत्या. पॅरिसच्या ऑपेरात गाजलेल्या, १९१० मध्ये लंडनला रिचर्ड श्ट्राउस यांचा 'सालोमे' पहिल्यांदा झाला तेव्हा नायिका झालेल्या, आणि १९१२ मध्ये साव्होनलिन्नाच्या जुन्या किल्ल्यात ऑपेरा महोत्सव सुरू करणाऱ्या. हेलसिंकीची ऑपेरा कंपनी उभी करण्यातही त्यांचा हात होता. यूहानी आहो यांच्या १९११ च्या कादंबरीवरून त्यांनी संहिता बेतली आणि आधी नेली ती सरळ फिनलंडचे सर्वांत नामांकित संगीतकार यान सिबेलियस यांच्याकडे. सिबेलियसनी विचार केला आणि शेवटी नको म्हटलं. मग ती फिरत फिरत आरेंकडे आली.

गोष्ट अशी. फिनलंडच्या पूर्वेला, कारेलियाच्या सीमेजवळच्या रानात यूहा नावाचा वयस्क, लंगडा शेतकरी राहतो. बायको मार्या तरुण. अनाथ पोर, यूहानेच वाढवलेली. घरात सासू आहे, तिच्या डोळ्यांत ही सून पहिल्यापासून खुपते. एक दिवस सीमेपलीकडून शेमेइक्का नावाचा देखणा फिरता व्यापारी येतो, आणि परत जाताना मार्याला आपल्या होडीत घालून धबधब्यासारख्या वाहत्या पाण्यातून घेऊन जातो. ओढून नेलं की ती आपण होऊन गेली? सगळा ऑपेरा या एका प्रश्नावर उभा आहे. पलीकडे गेल्यावर मार्याला कळतं की शेमेइक्का दर उन्हाळ्यात अशी एक नवी मुलगी आणतो. तिला मूल होतं. ती यूहाकडे परतते आणि मला पळवलं होतं असं सांगते. यूहा विश्वास ठेवतो. मुलाला आणायला दोघं जातात, यूहा शेमेइक्काला मारून लुळा करतो, आणि तेव्हा त्याला खरं काय ते कळतं. तो त्याच वाहत्या पाण्यात उडी घेतो.

संगीताबद्दल थोडं जवळून सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. फिनिश भाषेत शब्दाच्या पहिल्या अक्षरावर जोर येतो, नेहमी. आणि ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो: 'तुली' म्हणजे आग, 'तूली' म्हणजे वारा, 'तुल्ली' म्हणजे जकात. आपल्याकडे दिन आणि दीन यांतला फरक शुद्धलेखनाच्या वहीतच राहिला, तिकडे तो तोंडात जिवंत आहे. इटालियन पद्धतीची लांब, गोल वळणाची तान अशा भाषेवर बसवली की शब्द मोडतात. आरेंनी तो नाद सोडला. पात्रं गातात ती बोलण्याच्या मापात, तुटक, कधी एका वाक्यात संपणारं. टाळ्या घ्यायला थांबावं अशी जागा नाही. या बोलण्याखालून वाद्यवृंद वाहत राहतो, आणि पात्र जे दडवतंय ते तो सांगून टाकतो. मार्या तोंडाने नाही म्हणत असते तेव्हा खाली तंतुवाद्यांत जे चाललेलं असतं, ते ऐकल्यावर ती जाणार याबद्दल शंका राहत नाही. पाण्याचा खळाळ पहिल्या अंकापासून आहे. शेवटी यूहा त्यात जातो तेव्हा आपल्याला ते पाणी ओळखीचं झालेलं असतं.

आता हे बाड घेऊन नाट्यगृहात जायचं. कंपनीचे प्रमुख होते एडवर्ड फाझर. फिनलंडहून येणारी मंडळी निळ्या कागदातलं चॉकलेट आणतात ना, त्या चॉकलेटवाल्या कार्ल फाझरचे हे भाऊ. ते निळं चॉकलेटही १९२२ चंच, पण त्याचं नशीब वेगळं निघालं.

फाझर यांच्या बाजूने बघू. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं झालेली, त्यात १९१८ मध्ये लाल आणि पांढऱ्यांचं यादवी युद्ध होऊन गेलेलं. साऱ्या देशाची वस्ती एकतीस लाखांच्या आसपास. कंपनी बारा वर्षांचीही नाही. रशियन सैन्यासाठी बांधलेलं, बुलेवार्दी रस्त्यावरचं अलेक्झांडर थिएटर नुकतं हाती आलेलं. वर्षभर चालवायचं तर तिकीट खपायला हवं. नव्या ऑपेराचा खर्च नुसत्या पडद्यांचा नसतो. वाद्यवृंदाच्या स्कोअरमधून प्रत्येक वादकाचा भाग हाताने उतरवून काढायचा, नक्कलनवीसांना त्याचे पैसे द्यायचे, गायकांना महिनोन् महिने सूर बसवून घ्यायचे, आणि मग कुठे पहिली तालीम. तोवर हे संगीत ऐकू कसं येतं हे फक्त ज्याने लिहिलं त्याला ठाऊक.

मला वाटतं, प्रकरणाची गाठ इथे आहे. न वाजलेला ऑपेरा जोखायचे रस्ते दोनच: कागद वाचायचा, नाहीतर पियानोवर वाजवून बघायचा. पंचवीस-तीस ओळींचं पान डोळ्यांनी वाचून मनात ऐकणारी माणसं कुठल्याही शहरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. राहिला पियानो. पियानोवर 'पोह्यान नेइती' चांगला लागेल, कारण त्यातली चाल पियानोलाही झेपते. 'यूहा' पियानोवर वाजवला की बासरी, हॉर्न, तंतुवाद्यं हा सगळा रंग निघून जातो आणि उरतात ते खडे. जे ऐकून मान डोलवायची तेच गाळून संगीत ऐकवायचं, आणि मग म्हणायचं की फार अवघड आहे.

तसंच म्हटलं गेलं. फार आधुनिक, फार कठीण. पण दार धाडकन बंद झालं असंही नाही. काम पुढे सरकेना, आणि शेवटी मेरिकान्तोंनी आपलं बाड काढून घेतलं. ठणकावून नकार मिळाला असता तर माणूस भांडला असता, पेपरात लिहिलं असतं, चार लोक बाजूने उभे राहिले असते. चालढकलीशी भांडता येत नाही.

त्याच सुमारास चेक लोकांच्या ब्रनो शहरात काय चाललं होतं ते पाहण्यासारखं आहे. १९२१ च्या नोव्हेंबरात तिथे लेओश यानाचेक यांचा 'कात्या काबानोवा' रंगमंचावर आला. खाष्ट सासू, घुसमटलेली सून, परका पुरुष, आणि शेवटी नदी. गाणं बोलीच्या लयीवर बेतलेलं, ताना नाहीत. 'यूहा'चा जणू सख्खा मावसभाऊ, आणि दोघांनी एकमेकांचं काही पाहिलेलं नसताना. यानाचेकनाही प्राग शहराने ताटकळत ठेवलं होतं. १९०४ चा 'येनूफा' तिथे पोचायला १९१६ उजाडलं. पण तोवर ब्रनोचं नाट्यगृह त्यांचं काम करत होतं. वाजत होतं, ऐकू येत होतं, चुकलेलं दुरुस्त करता येत होतं. प्रागने दार लावलं तरी ब्रनोचं उघडं होतं. फिनिश भाषेतला ऑपेरा नीट करू शकेल असं घर जगात एकच, हेलसिंकीचं. बाहेरदेशी न्यावा तर भाषाच आडवी.

भाषा नसलेल्या कामाला मात्र वाट सापडली. १९२४ मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या शॉट या प्रकाशकांनी स्पर्धा ठेवली. आरेंनी व्हायोलिन, क्लॅरिनेट, हॉर्न आणि सहा तंतुवाद्यं, म्हणजे एकूण नऊ जणांसाठी एक कन्चेर्तो, म्हणजे एखाद-दुसऱ्या वाद्याला पुढे ठेवून केलेली रचना, पाठवला. तो निवडला गेला आणि १९२५ मध्ये डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात वाजला. नव्या संगीताची तेव्हाची ती पंढरीच; हिंडेमिथसारखी माणसं तिथे वावरत. आजही या रचनेला 'शॉट कन्चेर्तो' म्हणतात. नऊ वादक, काही मिनिटांचं काम, भाषेची अडचण नाही, एका संध्याकाळी उभं राहतं. ज्या तऱ्हेचं संगीत हेलसिंकीत 'फार आधुनिक' वाटत होतं, तेच ब्लॅक फॉरेस्टच्या कडेला चालून गेलं. मायदेशी त्याने फारसा फरक पडला नाही.

मायदेशी ऑक्टोबर १९२४ मध्ये दुसरीच गोष्ट घडली. लेवी मादेतोया यांचा 'पोह्यालाइसिया' रंगमंचावर आला आणि डोक्यावर घेतला गेला. पश्चिमेकडच्या ताठ मानेच्या शेतकऱ्यांची गोष्ट, लोकगीतांच्या चाली, परक्या सत्तेविरुद्धची चीड. नव्या देशाला जे ऐकायचं होतं ते त्यात होतं. काम उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर राष्ट्रीय ऑपेरा म्हणजे कसा, याचं माप ठरून गेलं. आणि मग आक्तेबाईंनी आपली 'यूहा'ची संहिता मादेतोयांकडेच दिली! फेब्रुवारी १९३५ मध्ये, 'कालेवाला' या फिनिश महाकाव्याच्या शताब्दीच्या वर्षी, हेलसिंकीच्या त्याच रंगमंचावर 'यूहा' झाला. संहिता आक्ते, संगीत मादेतोया. तो काही 'पोह्यालाइसिया'सारखा चालला नाही. मादेतोयांनाही त्याचं वाईट वाटलं. आपल्या घरातल्या खणात तोच ऑपेरा तेरा वर्षं पडलेला असताना आरेंनी त्या दिवशी पेपर कसा उघडला असेल, याचा विचार मी बरेचदा करतो. आक्तेबाईंना मात्र बोल लावता येत नाही. संहिता लिहिणाऱ्यालाही आपली ओळ कुणीतरी गायलेली ऐकायची असतेच की.

आरे एकटे नव्हते. वाइनो राइतिओ आणि पीटर्सबर्गहून आलेले एर्नेस्ट पिंगू हेही त्याच दशकात तसलंच धाडस करत होते. राइतिओंच्या एका रचनेचं नाव 'गुरू ग्रहावरचं चांदणं' आहे, यावरून अंदाज यावा. तिघांनाही ऐकणारे थोडे, आणि तिघांवरही एकाच माणसाची सावली. सिबेलियसनी १९२४ मध्ये सातवी सिम्फनी दिली, १९२६ मध्ये 'टापिओला', आणि मग तीस वर्षं जवळजवळ काही नाही. पण ते होते. यार्वेनपाच्या घरात होते, आणि फिनिश संगीत म्हटलं की जगाचं बोट तिकडेच जाई.

विसाचं दशक आरेंनी तरीही झपाटून लिहिण्यात घालवलं. १९२३ ची 'फँटसी', १९२४ चं 'पान' (ग्रीक वनदेवाच्या नावाचं), १९२५ चा दुसरा व्हायोलिन कन्चेर्तो, १९२८ चा 'सिम्फनिक अभ्यास', १९३० च्या वाद्यवृंदासाठीच्या दहा छोट्या रचना. आज ध्वनिमुद्रणं ऐकताना एकेक पान चमकतं. त्या वेळी यातलं बरंचसं वाजलंच नाही. रेडिओचा वाद्यवृंद १९२७ मध्ये निघाला तो दहा वादकांचा. त्याच्याकडून 'पान'ची अपेक्षा काय करणार.

आणि मग कात्री आली. तिसाच्या दशकात मेरिकान्तोंनी आपली शैली सोपी करत नेली, लोकगीतांकडे वळले, आणि मागच्या कामावर हात टाकला. १९३१ चा तिसरा व्हायोलिन कन्चेर्तो नष्ट केला. 'सिम्फनिक अभ्यासा'च्या स्कोअरचे भाग कापून काढले. पान दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं. एका बाजूचं नको म्हणून कापलं की पाठीवरचंही जातं. 'यूहा' त्यातून वाचला, का ते कुणास ठाऊक.

न वाजल्यामुळे माणूस स्वतःच्या कामावर उलटला, असं म्हणून मोकळं होता येईल. मीही एका जागी तसं लिहून ठेवलं होतं. पण दोन गोष्टी आडव्या येतात. 'हेलेना' वाजला होता, लोकांनी ऐकला होता, तरी तो त्यांनी फाडला. आणि सिबेलियस! त्यांच्या आठव्या सिम्फनीसाठी लंडन-बोस्टनचे कंडक्टर वर्षानुवर्षं डोळे लावून बसले होते, एक शब्द टाकला असता तर जगातला कुठलाही वाद्यवृंद हजर झाला असता. त्यांनीही चाळीसच्या दशकात घरच्या शेगडीत कागदांचा ढीग घातला. म्हणजे ज्याचं कुणी वाजवत नव्हतं त्याने कापलं आणि ज्याचं सगळे वाजवत होते त्याने जाळलं. तरी मला एक फरक दिसतो. सिबेलियसना आपली सातवी कशी वाजते ते माहीत होतं. आठवी तिच्या बरोबरीची नाही हे ठरवायला हाताशी माप होतं. मेरिकान्तोंनी जे कापलं त्यातलं काही त्यांनी स्वतःही कधी ऐकलेलं नव्हतं. दहा वर्षं लोक कठीण म्हणत राहिले की माणसाला आपल्या मनातल्या ऐकण्याचीही खात्री राहत नसावी.

१९३६ पासून ते हेलसिंकीच्या कॉन्झर्व्हेटरीत शिकवू लागले. तीच संस्था १९३९ मध्ये सिबेलियस अकादमी झाली. नावातसुद्धा सुटका नाही. १९५१ मध्ये सेलिम पाल्मग्रेन यांच्यानंतर ते रचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. राउतावारा, सालिनेन, उस्को मेरिलाइनेन, पावो हाइनिनेन हे पुढच्या पिढीतले मोठे लोक त्यांच्या वर्गातून गेले.

१९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक झालं. त्यासाठी निवडलेली तुतारीची धून आरे मेरिकान्तोंची. भरल्या स्टेडियमने त्यांचं संगीत ऐकलं ते असं, काही सेकंदांचं, नुसत्या पितळी वाद्यांचं. सप्टेंबर १९५८ मध्ये ते वारले.

लाहतीला १९६३ मध्ये 'यूहा' उभा राहिला, तेव्हा तो अवघड असल्याची तक्रार कुणी करायचं कारण उरलं नव्हतं. मधल्या चार दशकांत कानांनी त्याहून पुष्कळ काही पचवलं होतं. पुढे हेलसिंकीच्या त्याच कंपनीने तो केला, ध्वनिमुद्रितही केला. 'सिम्फनिक अभ्यासा'चं कापलेलं बाड मात्र विद्यार्थी हाइनिनेन यांच्या हाती आलं. भोकं बुजवायची तर गुरूच्या हातची वीण पुन्हा घालावी लागणार होती: अलीकडे काय उरलंय, पलीकडे काय सुरू होतंय, मधून कुठला सूर गेला असेल. १९८१ मध्ये त्यांनी ते काम पुरं केलं. तिसऱ्या व्हायोलिन कन्चेर्तोचं तर पानच उरलं नव्हतं. तोही हाइनिनेननी १९९३ मध्ये नव्याने लिहून काढला आणि त्याला 'तूमिंकी' असं नाव दिलं. त्याचा अर्थ साधारण 'एक विचार' असा होतो.